मनमाडला गाडी बदलताना

औरंगाबादच्या स्टेशनावरून 1962 साली हैदराबादकडे निघालेला माणूस एकदा डब्यात चढला की थेट काचीगुड्याला उतरे. मुंबईला निघालेल्याला मात्र मनमाडला वळकटी काखेत मारून खाली उतरावं लागे. निजामाच्या रेल्वेनं घातलेला रूळ मीटर गेजचा होता आणि मनमाडहून मुंबईला जाणारा ब्रॉडगेजचा. एकात दोन रुळांमधलं अंतर एक मीटर, दुसऱ्यात 1.676 मीटर. मराठवाडा 1956 साली हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्राचा झाला. राजधानी बदलली, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, रूळ मात्र नव्वदचं दशक उजाडेपर्यंत हैदराबादशीच सोयरीक राखून होते.

या शहरानं 1962 च्या विधानसभा निवडणुकीत आमदार निवडला तो मनमाडच्या पलीकडचा. डॉ. रफिक झकेरिया. जन्म सोपाऱ्याचा, शिक्षण मुंबई आणि लंडनचं, पेशा बॅरिस्टरीचा, संसार मुंबईत. मराठी राजकारणात अशा माणसासाठी ठेवणीतला शब्द आहे, ‘आयात उमेदवार’. ‘पार्सल’ हा त्याच शब्दाचा अलीकडचा, जरा उर्मट भाऊ. आयात उमेदवार बहुतेकदा निवडणुकीपुरता येतो. हरला तर दुसऱ्या दिवशी परत जातो, जिंकला तर तिसऱ्या. या माणसाची कबर आज रोजाबागेत आहे, त्यानंच काढलेल्या कॉलेजच्या आवारात. हे कसं झालं, ते पाहण्यासारखं आहे.

(औरंगाबाद हे नाव मी या लेखात ठेवतो आहे, कारण गोष्ट त्या नावाच्या दिवसांतली आहे. छत्रपती संभाजीनगर हे नाव सरकारी कागदांवर आलं ते 2023 मध्ये.)

तसं पाहिलं तर या शहराची वीटच आयात माणसानं रचलेली. हबशाणात जन्मलेला, पोरवयात गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदाद पाहून दख्खनेत पोचलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 साली त्यानं खडकी हे आपलं ठाणं केलं. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याची, भडकल दरवाजाही त्याचाच. पुढे मोगल उत्तरेतून उतरले आणि 1653 मध्ये औरंगजेबाच्या नावानं शहर ओळखलं जाऊ लागलं. मग हैदराबादच्या निजामांची असफजाही आली. काही काळ दख्खनची राजधानी इथे होती, 1763 नंतर ती हैदराबादला गेली आणि औरंगाबाद सुभ्याचं ठाणं होऊन राहिलं. म्हणजे बाहेरून आलेल्यांना हे शहर नवखं नव्हतं. पण बाहेरून येऊन दगडी दरवाजा बांधणं वेगळं आणि बाहेरून येऊन मतपेटीतून निघणं वेगळं. दरवाज्याला कुणाची संमती लागत नाही.

झकेरियांचा जन्म 5 एप्रिल 1920 चा, कोकणी मुसलमान घराण्यातला. त्यांचं सोपारा आज मुंबईच्या लोकलच्या गर्दीत नालासोपारा म्हणून हरवून गेलं आहे, पण एकेकाळी ते शूर्पारक नावाचं बंदर होतं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे 1882 मध्ये सापडला. सातवाहनांच्या पैठणहून निघालेला माल जुन्नर, नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना लागे. पैठण औरंगाबादपासून पन्नासेक किलोमीटरवर. दोन हजार वर्षांपूर्वी माल ज्या वाटेनं खाली गेला, त्याच वाटेनं एक माणूस वर आला, असं म्हणायचा मोह होतो. मोहच तो. बॅरिस्टरसाहेब नाणेघाटातून नव्हे, मनमाडवरूनच आले असणार.

मुंबईत त्यांनी इस्माईल युसूफ कॉलेजात शिक्षण घेतलं, एम. ए. ला विद्यापीठाचं कुलपतींचं सुवर्णपदक मिळवलं. मग लंडन. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि लंडन विद्यापीठात 1948 साली पीएच. डी. चा प्रबंध दिला. प्रबंधाचा विषय होता 1885 ते 1906 या काळातलं हिंदी मुसलमानांचं राजकारण. म्हणजे काँग्रेसच्या जन्मापासून मुस्लिम लीगच्या जन्मापर्यंतची एकवीस वर्षं. देशाची फाळणी नुकतीच झालेली असताना एक कोकणी तरुण लंडनच्या ग्रंथालयात बसून ही भेग पहिल्यांदा कुठे पडली ते शोधत होता. आयुष्यभर त्यांनी पुढे जेवढं लिहिलं त्याचं मूळ या प्रबंधात आहे.

आणि त्याच 1948 सालात औरंगाबादेत काय चाललं होतं?

17 सप्टेंबर 1948. पोलीस ॲक्शन संपली, निजामानं शरणागती दिली, मराठवाडा मुक्त झाला. हा दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून झेंडा फडकावून साजरा होतो आणि व्हायलाच हवा. निजामाचं राज्य टिकवायला उतरलेल्या रझाकारांनी जे केलं होतं ते विसरण्यासारखं नव्हतं आणि त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचाच वकील, म्हणजे परका कुणी नव्हता. पण त्याच सप्टेंबरात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यातल्या कितीतरी साध्या मुसलमान घरांवरही सूड उगवला गेला. ज्यांना जमलं ते हैदराबादला गेले, काही कराचीला. मागे राहिले ते हिमरू विणणारे, शिंपी, बागवान, टांगेवाले, आणि उर्दूत शिकलेले कारकून.

या शेवटच्या माणसाकडे जरा थांबून पाहायला हवं. निजामाच्या राज्यात महसूल, न्यायालय, पोलीस, सगळं उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठात विज्ञानसुद्धा उर्दूत शिकवत. ज्यांना उर्दूचे पितामह म्हणतात ते मौलवी अब्दुल हक या शहरात राहून अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं काम करत होते आणि इथल्या कॉलेजचे प्राचार्यही होते. चलनसुद्धा वेगळं. निजामाचे सात हाली रुपये दिले की सहा कलदार, म्हणजे इंग्रजी राज्यातले रुपये, मिळत. अशा जगात उर्दू चांगली लिहिता येणं म्हणजे भाकरीची सोय होती. 1948 नंतर ती सोय गेली. 1956 नंतर तर कचेरीत मराठी आली आणि मुंबईचे नियम आले. खासरा पत्रकावरचे शेरे ज्यांना वाचता येत ते म्हातारे झाले, ज्यांना नोकऱ्या मिळत होत्या त्यांना ते वाचता येईनात. या भागातले जुने दस्त वाचून देणारा माणूस शोधत आजही लोकांना गल्लोगल्ली फिरावं लागतं.

मात्र हरवल्यासारखं फक्त मुसलमानांनाच झालं, असं समजू नये. मुक्तिसंग्रामातून आलेली मराठी माणसंही मुंबईत नवखीच होती. त्यांचं राजकारण हैदराबादेत घडलेलं. हायकोर्टाचं काम पूर्वी हैदराबादला चाले, आता मुंबईला गेलं. औरंगाबादेत खंडपीठ यायला 1981 उजाडावं लागलं. मुंबईच्या सभागृहात पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी बसलेले, त्यांच्यामागे साखर कारखाने आणि सहकारी बँका उभ्या. 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला जे शब्द दिले होते ते वसूल करायला कुणीतरी मंत्रालयाचे जिने माहीत असलेला हवा होता. सबंध मराठवाडाच त्या वेळी महाराष्ट्रात आयात झालेला होता. माझं म्हणणं इतकंच की 1962 च्या मतदारानं परका माणूस स्वीकारला, त्याचं कारण तो उदार होता हे नव्हे. त्याला स्वतःलाच नव्या राज्यात परकं वाटत होतं. बाहेरच्या माणसाला आत घेऊन त्याला स्वतःला आत शिरायचं होतं.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसला तर असा माणूस हवाच होता: लीगवाला नाही, रझाकारांशी संबंध नाही, मुसलमान आहे, शिकलेला आहे, आणि नेहरूंचा भक्त आहे. नेहरूंच्या सत्तरीला, 1959 मध्ये, झकेरियांनी त्यांच्यावर एक जाडजूड ग्रंथ संपादित केला होता. 1962 च्या विधानसभेत 264 जागा होत्या, त्यातल्या 215 काँग्रेसनं जिंकल्या. अशा लाटेत निवडून येणं हा काही पराक्रम नव्हता, हेही सांगायला हवं.

पण आपल्याच धर्मबांधवांतसुद्धा ते परकेच होते. कोकणी मुसलमान अरबी व्यापाऱ्यांच्या नात्यानं शाफई पंथाचे, दख्खनचे मुसलमान हनफी. कोकणी मुसलमानाच्या घरात बोली मराठी-कोकणीच्या कुळातली, जेवणात तांदूळ, मासळी आणि नारळ. औरंगाबादच्या बुढी लेनमध्ये किंवा जिन्सीत दख्खनी चालते आणि दावतीत नान-खलिया. बाहेरच्याला ‘मुसलमान मतदारसंघात मुसलमान उमेदवार’ एवढंच दिसतं. शहागंजच्या घड्याळाखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र समोरचा कोकणातला बॅरिस्टर आहे हे पहिल्या सलामातच कळत असणार.

निवडून आल्यावर वर्षभरातच, 1963 मध्ये, रोजाबागेत मौलाना आझाद कॉलेज सुरू झालं. दिल्ली दरवाज्याच्या बाजूला, हिमायत बागेच्या शेजाराला. कॉलेज काढणं ही त्या काळातल्या पुढाऱ्यांची नेहमीची वाट. कुणी साखर कारखाना काढला, कुणी शिक्षण संस्था. पण या नावात एक विधान आहे. पंधरा वर्षांपूर्वी ज्या मराठवाड्यात कासीम रझवीची भाषणं गाजत होती, तिथे त्यांनी अबुल कलाम आझादांचं नाव लावलं: फाळणीला शेवटपर्यंत विरोध करणाऱ्या माणसाचं, लीगनं ज्याची टिंगल केली त्याचं, स्वतंत्र भारताच्या पहिल्या शिक्षणमंत्र्याचं. आणि कॉलेज सर्वांना खुलं ठेवलं. अरबी मदरसा काढला असता तर कदाचित देणग्या लवकर मिळाल्या असत्या. त्यांनी काढलं कला, विज्ञान आणि वाणिज्य. उर्दू कारकुनाच्या पोराला आता बी. कॉम. होता येणार होतं.

इथे एक समांतर रेषा मला नेहमी खुणावते. त्यांच्या आधी तेरा वर्षं, 1950 मध्ये, आणखी एका बॅरिस्टरानं या शहरात कॉलेज काढलं होतं. त्यांचंही मूळ कोकणातलं, तेही लंडनला शिकलेले, त्यांनाही मुंबई सोडून मराठवाड्यात यायचं काही कारण नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय उभं केलं ते निजामी राज्यातला दलित शिक्षणात सर्वांत मागे होता म्हणून. नागसेनवन आणि रोजाबाग. एक बेगमपुऱ्याच्या अंगाला, दुसरं दिल्ली दरवाज्याच्या. जुन्या तटबंदीच्या वरच्या कडेला दोन कोकणी बॅरिस्टरांनी आपापल्या लोकांसाठी दोन शाळा मांडल्या. दोघांची उंची एक नाही, तुलना मी करत नाही. पण ज्यांना शहराच्या मध्यात जागा नव्हती, त्यांच्यासाठी दारं शहराच्या कडेला उघडली, आणि ती बाहेरच्यांनी उघडली, हे नोंदवून ठेवावंसं वाटतं.

झकेरिया आमदार झाले त्या वेळी विधानसभा नरिमन पॉइंटला नव्हती. कुलाब्याला, रीगल सिनेमासमोर, एकेकाळी खलाशांच्या मुक्कामासाठी बांधलेल्या दगडी इमारतीत भरे. खलाशांच्या घरात सोपाऱ्याच्या बंदरचा माणूस जाऊन बसला, यात काही अर्थ नाही, पण मला गंमत वाटते. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनच्या युद्धानं यशवंतरावांना दिल्लीला नेलं. मारोतराव कन्नमवार आले, वर्षभरात वारले, आणि डिसेंबर 1963 पासून वसंतराव नाईकांचं अकरा वर्षांचं राज्य सुरू झालं. झकेरिया मंत्रिमंडळात होते आणि त्यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलेलं खातं म्हणजे नगरविकास. मधेच 1965 मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताच्या शिष्टमंडळात जाऊन आले. रोजाबागेच्या आमदाराचं न्यूयॉर्कला भाषण, हे औरंगाबादला नवं होतं.

महाराष्ट्राच्या शहरांसाठी ती वर्षं कायदे करण्याची होती. नगरपालिकांचा कायदा 1965 चा, प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 चा. मुंबईच्या खाडीपलीकडे जुळं शहर वसवायची कल्पना निघाली आणि त्यासाठी 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली. सिडको म्हटलं की उरलेल्या महाराष्ट्राला नवी मुंबई आठवते. आमच्याकडे सिडको हे एका भागाचं नाव आहे. कारण 1972 मध्ये सिडकोनं औरंगाबादेत काम हाती घेतलं आणि नगरविकास मंत्र्यानं आपल्या मतदारसंघाला एक आख्खं नवं शहर मिळवून दिलं. योजनेचं नावच ‘नवीन औरंगाबाद’.

त्या वर्षाकडे जरा पाहा. 1972 म्हणजे मराठवाड्यातल्या दुष्काळाचं वर्ष. माणसं खडी फोडत होती, सुकडी खात होती. पैठणचं जायकवाडी धरण अजून भिंतीतच होतं. त्याची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी ऑक्टोबर 1965 मध्ये बसवली होती, उद्घाटनाला इंदिरा गांधी आल्या फेब्रुवारी 1976 मध्ये. शहराला प्यायला पाणी नाही अशा काळात शहराच्या पूर्वेला, मुकुंदवाडी-चिकलठाण्याच्या अंगाला, कोरडवाहू रानात आखणी सुरू झाली. आधी जमीन घेतली, मग रस्ते, मग गटारं, मग दिवे, आणि त्यानंतर घरं. आपल्याकडे शहर नेहमी याच्या उलट क्रमानं वाढतं, म्हणून हा क्रम सांगतो. वसाहतींना नावं न देता आकडे दिले. एन-एक, एन-दोन, असं करत एन-तेरापर्यंत. लहान घर, मधलं घर, मोठा प्लॉट, उत्पन्नाप्रमाणे वाटणी. जागा मालकीनं नव्हे, भाडेपट्ट्यानं. पुढे पन्नास वर्षं ‘लीजहोल्डचं फ्रीहोल्ड करा’ ही मागणी प्रत्येक निवडणुकीच्या जाहीरनाम्यात वळवळत राहिली ती यातूनच.

औरंगाबादची वस्ती 1961 ला लाखाच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत ती 11 लाख 75 हजार झाली. ही माणसं आली कुठून? जालन्याहून, बीडहून, परभणीहून, वैजापूर-गंगापूरच्या खेड्यांतून. शिक्षक, तलाठी, एस. टी. चे कंडक्टर, चिकलठाण्याच्या एमआयडीसीतले फिटर, 1985 नंतर वाळूजला बजाजच्या कारखान्यात लागलेली पोरं. यातली पुष्कळ मंडळी सिडकोच्या आकड्यांच्या घरांत शिरली. पाचशे-सहाशे चौरस फुटांच्या घराला पुढे एक खोली वाढवली, वर एक मजला चढवला, दाराशी तुळस लावली. सगळे आयात. बाहेरून आलेल्या आमदारानं बाहेरून आलेल्यांसाठी घरं बांधली.

आणि इथेच मला या माणसाच्या कामाचा दुसरा अर्थ दिसतो. तो त्यांच्या भक्तांना आवडणार नाही. नवीन औरंगाबाद जुन्या औरंगाबादला चिकटून बांधलं गेलं, पण मिसळून नाही. जुन्या शहरात, शहागंज, रोशन गेट, जुना बाजार, कटकट गेट इथे गल्ल्या तशाच राहिल्या, नळ तसेच, शाळा तशाच. नव्या भागात रुंद रस्ते आले आणि जुन्या शहरात ज्याला जरा पैसा झाला त्याला तिकडे जावंसं वाटू लागलं. ज्यांना घर विकून जाता आलं ते गेले. ज्यांची घरं वाटणीची, वक्फच्या जागेवरची, ज्यांचं दुकान खालच्या मजल्यावर आणि संसार वरच्या, ते राहिले. हळूहळू नकाशावर दोन शहरं उमटली. सिडकोतला माणूस आजही सराफ्यात सोनं घ्यायला निघाला तर ‘शहरात जाऊन येतो’ म्हणतो, जणू तो राहतो ते गाव. दोन समाज एका कॉलेजच्या बाकावर बसावेत म्हणून ज्यानं कॉलेज काढलं, त्याच्याच योजनेनं त्यांची घरं एकमेकांपासून लांब गेली. हेतू तो नव्हता. नगररचनाकारांनी तर याचा विचारही केला नसेल. पण रस्ता आखताना हेतू विचारात घेत नाहीत.

याचा राजकीय हिशेब पुढे लागला. शिवसेनेची मुळं तशी जुन्या शहरातच, गुलमंडीवर रुजली. पण 1988 मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा नेहरूंवर ग्रंथ काढणाऱ्या आमदाराच्या शहरात काँग्रेसची जुनी गणितं बसेनाशी झाली होती. त्याच वर्षी बाळासाहेब ठाकरेंनी शहराला संभाजीनगर म्हटलं. त्यानंतर इथली प्रत्येक निवडणूक दोन शहरांत होते, एकाच तारखेला.

झकेरिया तोवर दिल्लीला गेले होते. 1978 ते 1984 राज्यसभेत होते, संसदेत काँग्रेस पक्षाचे उपनेतेही राहिले. इंदिरा गांधींच्या दूताचं काम घेऊन मुस्लिम देशांत हिंडले. पण त्यांच्या हातून सत्ता सुटत गेली तसतशी लेखणी धावू लागली, आणि मला वाटतं तेच त्यांचं खरं घर होतं. लंडनचा प्रबंध 1970 मध्ये, ऐन मंत्रिपदाच्या दिवसांत, पुस्तक होऊन आला होता. रझिया सुलतानवर त्यांनी आधीच लिहिलं होतं. सलमान रश्दींच्या कादंबरीवरून वाद पेटल्यावर मुहंमद आणि कुराण यांवर एक शांत पुस्तक लिहिलं, गळ्याच्या शिरा न ताणता. सरदार पटेलांना मुसलमानांचे वैरी ठरवणाऱ्यांना उत्तर म्हणून पटेलांवर लिहिलं. 2001 मध्ये जीनांवर लिहिलं, आणि शीर्षकातच त्यांना भारत तोडणारा माणूस म्हटलं. अखेरच्या पुस्तकांपैकी एकाचा विषय होता भारतीय मुसलमानांचं कुठे चुकलं. असं पुस्तक लिहिणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या मिळतात. एक बाजू म्हणते, हा आमचाच असून आमच्यावर उलटला. दुसरी म्हणते, काही झालं तरी हा त्यांचाच. जन्मभर आयात राहिलेल्या माणसाला या दोन्ही वाक्यांची सवय असावी.

त्यांच्या पत्नी फातमा झकेरिया मुंबईतल्या पत्रकार. खुशवंत सिंगांच्या ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांच्या हाताखाली घडलेल्या, पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या रविवार पुरवणीच्या संपादक. मुलगा फरीद 1964 चा. शिकायला अमेरिकेत येलला गेला तो तिकडचाच झाला, अठ्ठाविसाव्या वर्षी ‘फॉरेन अफेअर्स’ या नियतकालिकाचा व्यवस्थापकीय संपादक आणि पुढे टीव्हीवरचा चेहरा. जगाला झकेरिया म्हटलं की हाच आठवतो. बाप घाट चढून औरंगाबादेत परका झाला, मुलगा समुद्र ओलांडून न्यूयॉर्कमध्ये.

रोजाबागेतलं झाड मात्र वाढत गेलं. मुलींचं कॉलेज आलं, फार्मसीचं आलं, ज्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव आहे. अजिंठा-वेरूळला जगभरातून पाहुणे येतात आणि त्यांना जेवू घालणारी पोरं मात्र मुंबईहून आणावी लागतात, हे लक्षात घेऊन ताज समूहाच्या साथीनं 1989 मध्ये हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली. हिमरू विणणाऱ्याचा नातू आणि कुण्या तलाठ्याची नात एकाच स्वयंपाकघरात पांढरी टोपी घालून सॉस ढवळताहेत, हे दृश्य मला ऐक्यावरच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त पटतं. मुंबईत नागपाड्याजवळ 1968 मध्ये निघालेलं महाराष्ट्र कॉलेजही त्यांच्याच खटपटीचं. उर्दू बोलणाऱ्या मोहल्ल्यातल्या कॉलेजला ‘महाराष्ट्र’ हे नाव. नावं ठेवण्यात हा माणूस जाणकार होता.

9 जुलै 2005 रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं. पंच्याऐंशी वर्षांचं आयुष्य, त्यातला मोठा हिस्सा मुंबईत गेलेला. मुंबईत दफनभूमी कमी नाहीत, सोपाराही हाकेच्या अंतरावर. त्यांना आणलं औरंगाबादला. सिडकोनं पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, आपल्या वसाहती महापालिकेच्या हवाली केल्या आणि ‘नवीन औरंगाबाद’ ही योजना कागदावरून संपली.

फातमा झकेरियांना 2006 मध्येच पद्मश्री मिळाली. नवरा गेल्यावर त्यांनी मुंबईत थांबायचं सोडून संस्थेचा कारभार हाती घेतला, औरंगाबादेत राहू लागल्या. 6 एप्रिल 2021 ला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, इथेच त्यांचा अंत झाला. नवऱ्याच्या शेजारी त्यांनाही जागा मिळाली.

जूनमध्ये रोजाबागेच्या फाटकाशी प्रवेशाची गर्दी असते. सिल्लोडहून, कन्नडहून आलेले बाप, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, टी. सी., जातीचा दाखला, झेरॉक्सच्या तीन-तीन प्रती. पोरगी पुढे, बाप मागे. मुलाखतीला अजून अर्धा तास आहे म्हणून कुणीतरी सावली पाहून टेकतं. वॉचमन सांगतो, इकडे नको बसू, कबर आहे. ‘कुणाची?’ पोरगी विचारते. ‘साहेबांची,’ तो म्हणतो, आणि अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा ते हातानं दाखवतो.